रात्री नऊचा पेला: झोपेसाठी वनस्पतींचा चहा घरच्या घरी

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी झोप बिघडली. आधी पहाटे चारला जाग यायची, मग तीनला, मग दीडला. पाळी जायचे दिवस होते, अंगातून गरम वाफा निघायच्या, आणि त्यात सोलापूरचा एप्रिल. रात्री अकरा वाजतासुद्धा गच्चीची फरशी तळव्यांना चटका द्यायची. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, "ताई, गोळी इतक्यात नको. आधी संध्याकाळचा चहा सोडा आणि झोपायची वेळ धरा." संध्याकाळी हातात काहीच नसेल तर मला करमेना, म्हणून वनस्पतींचा चहा सुरू केला. त्याला आता पाच वर्षं झाली. या काळात काय जमलं, काय चुकलं आणि कोणती गोष्ट धोक्याची आहे, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

अपेक्षा आधीच नीट ठेवा. हा चहा म्हणजे झोपेची गोळी नव्हे. या चहातलं मुख्य फूल म्हणजे कॅमोमाइल, त्यावर जे अभ्यास झाले आहेत ते लहान आहेत. झोपेचा दर्जा थोडा सुधारतो असं त्यांत दिसतं, पण जुनाट निद्रानाश त्याने बरा होतो असं म्हणता येत नाही. ज्याची झोप काळजीने, उशिराच्या जेवणाने, मोबाइलने किंवा उकाड्याने विस्कटली आहे, त्याला मात्र या पेल्याचा चांगला आधार मिळतो. मला मिळाला.

आधी संध्याकाळचा कप

सुरुवात इथून करायची, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं. आपल्याकडे साडेपाच-सहाला चहा होतो, पाहुणे आले की आठला पुन्हा आधण चढतं. चहातलं कॅफीन रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, काही जणांना त्याहून जास्त. म्हणजे सहाच्या चहाचं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. दिवसभर जागेपणात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानेच डोळे जड होतात. कॅफीन नेमकं त्याचीच जागा अडवून बसतं. थकवा असतो, पण झोप लागत नाही, ती यामुळे.

शेवटचा दुधाचा चहा दुपारी तीनच्या आत घ्या. एकदम बंद केला तर डोकं दुखतं, म्हणून आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ अलीकडे आणा. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघी रात्री झोपेसाठी म्हणून ग्रीन टी घेत होत्या. ग्रीन टी त्याच चहाच्या झुडपाची पानं असतात, त्यातही कॅफीन असतंच. पाकिटावर 'हर्बल' लिहिलेलं असलं तरी मागे घटक वाचा. चहापत्ती, ग्रीन टी, कोको यांपैकी काही असेल तर ते पाकीट रात्रीचं नाही.

काय आणायचं, कुठून आणायचं

गवती चहा, कॅमोमाइल, बडीशेप आणि वेलदोडा एवढ्या चार गोष्टींवर माझं वर्षातले आठ महिने भागतं.

गवती चहाची ताजी जुडी लक्ष्मी मंडईत मिळते, पण खरं सांगायचं तर निम्म्या सोलापूरच्या परसात किंवा गॅलरीत त्याचं एक ठोंब असतंच. आमच्या शेजारच्या पद्मशाली आजी त्याला तेलुगूत निम्मगड्डी म्हणतात, अक्कलकोटकडची माझी जाऊ कन्नडमध्ये मज्जिगे हुल्लू म्हणते. तिन्ही नावं एकाच गवताची. पात हातात चुरगळली की लिंबासारखा वास आला पाहिजे. हा वास सिट्रल नावाच्या तेलाचा. पिवळी पडलेली, टोकाला वाळलेली पात घेऊ नका. कडा धारदार असतात, बोट कापतं, म्हणून कात्रीनेच कापा.

कॅमोमाइल आपल्या मातीतलं नाही, पण युनानी दुकानात ते पूर्वीपासून मिळतं. तिथे गुल-ए-बाबूना मागा. इंटरनेटवरून मागवायचं असेल तर भुकटीच्या पुड्यांऐवजी अख्खी वाळलेली फुलं घ्या. ओळख अशी: मधला पिवळा भाग शंकूसारखा उंचावलेला असतो, तो नखाने उभा चिरला की आतून पोकळ निघतो. वास सफरचंदासारखा येतो. या फुलाचं मूळ ग्रीक नावच मुळी 'जमिनीवरचं सफरचंद' असं आहे. पोकळी नाही, वासही नाही, तर ते बाबूना नव्हे, किंवा फार जुनं झालंय. दोन्ही बाबतींत परत करा. या फुलात एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूत शांत करणाऱ्या काही गोळ्या जिथे काम करतात, तिथेच तेही हलकेच चिकटतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. कपात ते अगदी थोडं उतरतं, म्हणून परिणामही सौम्य.

बडीशेप आणि वेलदोडे किराणा दुकानातलेच. मात्र बडीशेप कच्ची, हिरवट घ्या, मुखवासाची साखर लावलेली नको. तिचं काम झोप आणण्यापेक्षा पोट हलकं करण्याचं आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर ठेचा असं आपलं रात्रीचं जेवण असेल, तर झोप उडवणारी गोष्ट बऱ्याचदा पोटातच असते.

चहा करायची पद्धत

आयुर्वेदात वनस्पतीचा अर्क काढायच्या पाच रीती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट. आपण सगळ्याला सरसकट काढा म्हणतो आणि सगळंच खदखदा उकळतो. फुलं आणि कोवळी पानं उकळायची नसतात. त्यांच्यावर गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं, तो फांट. मुळं आणि साली कडक असतात, त्या उकळायच्या, तो काढा. गार पाण्यात तासन् तास भिजत ठेवलं तर तो हिम. आपल्याला या तिन्हींची गरज पडणार आहे.

एका माणसासाठी दोनशे मिली पाणी घ्या. आपल्या घरचा चहाचा कप शंभर मिलीच्या आसपास असतो, म्हणजे दोन कप. पाणी पिण्याचं, गाळलेलं असू द्या. बोअरचं मचूळ पाणी वापरलं तर गवती चहाचा वास दबतो आणि पेल्याच्या तळाशी खारट चव उरते. मी महिनाभर बोअरच्या पाण्यातच करत होते आणि दोष फुलांना देत होते.

पातेलं वेगळं ठेवा. रोजच्या चहाच्या पातेल्याला आलं आणि दूध असं मुरलेलं असतं की घासूनही वास जात नाही. गाळणंही वेगळं.

पाण्यात गवती चहाच्या वीतभर लांब तीन पाती कापून घाला, अर्धा चमचा बडीशेप खलबत्त्यात जरा चेचून घाला आणि एक वेलदोडा सालीसकट ठेचून घाला. उकळी आली की दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा. गवती चहाची पात चिवट असते, तिला एवढी आच लागते. गॅस बंद करा. उकळण्याचा आवाज थांबला की दोन भरलेले चहाचे चमचे, म्हणजे दीड-दोन ग्रॅम, कॅमोमाइलची फुलं घाला आणि लगेच घट्ट झाकण ठेवा.

झाकण विसरू नका. या वनस्पतींचा गुण त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलांत आहे. स्वयंपाकघरभर वास दरवळला तर तो पेल्यातून गेला असं समजा. आठ ते दहा मिनिटांनी झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूचे थेंब पातेल्यातच झटका, तेल त्या थेंबांतही असतं. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं तर फुलं कडवट होतात.

गाळून दीडशे मिली प्या, उरलेला राहू द्या. दूध घालायचं नाही. गोड हवं असेल तर गुळाचा लहानसा खडा, किंवा पेला कोमट झाल्यावर अर्धा चमचा मध. मधुमेह असेल तर यातलं काहीच नको, वेलदोड्याचा गोडसर वास पुरतो.

कॅमोमाइल मिळत नसेल तर त्याच्या जागी गॅस बंद केल्यावर वाळवलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या घाला. कीटकनाशक मारलेले पुष्पगुच्छाचे गुलाब नकोत. माझ्या सासूबाईंना कॅमोमाइलचा वास कधी आवडला नाही, त्या असाच घेतात.

वेळ

नुसत्या वनस्पतींपेक्षा वेळेने मला जास्त फायदा झाला. झोपायच्या सव्वा ते दीड तास आधी पेला रिकामा झालेला असावा. झोपताना घेतला तर रात्री लघवीला उठावं लागतं आणि जमवलेली झोप मोडते. साठी ओलांडलेल्यांनी शंभर मिलीच घ्यावा आणि दोन तास आधी.

आमच्याकडे आठला जेवण, नऊला पेला, साडेदहाला दिवा बंद. पेला घेताना टीव्ही बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. मी ओट्यापाशी उभी राहून न पिता गॅलरीत खाली बसून पिते. रोज तीच जागा, तोच वास, तीच वेळ असली की दोन-तीन आठवड्यांत शरीराला सवय होते. आता मला गवती चहाच्या वासानेच जांभई येते.

पाणी येण्याचा दिवस या वेळापत्रकात बसत नाही. नळ पहाटे किंवा रात्री-अपरात्री सुटला की कुणालातरी उठावंच लागतं. ज्या रात्री पाण्याची पाळी आहे, त्या रात्री मी पेला आणि झोप दोन्ही तासभर अलीकडे घेते, आणि पाणी भरून झाल्यावर मोबाइल हातात न घेता परत आडवी होते. सकाळी उठायची वेळ मात्र बदलत नाही. घरातल्यांनी पाळ्या वाटून घेतल्या तर एकट्या बाईची झोप दर वेळी मोडत नाही, हे मी घरात स्पष्ट सांगितलं आणि आता मुलगा एका आड एक पाळी करतो.

उन्हाळ्यातला पेला

मार्चअखेरपासून पावसापर्यंत गरम चहा मला सोसत नाही. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर पडते आणि मग झोप येते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेल्या दिवशी भिंतीच रात्रभर उष्णता सोडत असतात, अंगाने ती टाकायची कुठे? या दिवसांत हिम करायचा.

दुपारी चारला अर्धा लिटर माठाच्या पाण्यात दोन चमचे धने, एक चमचा बडीशेप (दोन्ही जाडसर चेचून) आणि वाळ्याच्या मुळांची बोटभर जुडी धुऊन घाला. वर ओलं फडकं बांधून सावलीत ठेवा. रात्री साडेआठला गाळा. हे दोन-तीन जणांना पुरतं. उरलेलं सकाळपर्यंत बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात आंबतं. वाळा पूजा-साहित्याच्या दुकानातून आणला तर त्याला अत्तर किंवा रंग लावलेला नाही ना, ते विचारा. कूलरच्या पडद्यातला वाळा तर कधीच वापरू नका.

सोबत गच्चीवर सूर्य मावळल्यावर पाणी मारा, तासाभराने पुन्हा एकदा. झोपायच्या आधी पाय घोट्यापर्यंत साध्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. त्या महिन्यांत मला हिमापेक्षाही पायांवरच्या पाण्याने जास्त बरं वाटतं.

पाऊस सुरू झाला की पुन्हा गरम फांट, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत, तो सगळ्यात जास्त आवडीने प्यायला जातो.

जायफळ: इथे थांबून वाचा

झोपेसाठी जायफळ हा आपल्या घराघरांतला जुना उपाय आहे. सहाणेवर दुधात दोन-तीन वळसे उगाळायचे, बोटभर गंध निघालं की दुधात मिसळायचं. एवढंच. मोठ्या माणसाला हे चालतं.

मी एकदा खूप जागरणं झाल्यावर किसणीवर अर्धं जायफळ किसून दुधातून घेतलं. दोन तास काहीच झालं नाही. पहाटे तोंड लाकडासारखं कोरडं, छातीत धडधड, डोकं इतकं जड की उठवेना. पूर्ण दुसरा दिवस तसाच गेला. नंतर कळलं की जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याचा परिणाम दिसायला तीन ते सहा तास लागतात. "काही होत नाही" म्हणून माणूस आणखी घेतो, आणि तिथेच घात होतो. पाच ग्रॅमच्या पुढे विषबाधा होते, भास होतात, दवाखान्यात न्यावं लागतं. एक अख्खं जायफळ साधारण पाच-सात ग्रॅम भरतं. म्हणून माझी विनंती आहे, किसणी आणि मिक्सर यासाठी वापरू नका, सहाणच वापरा. गरोदर बायकांनी जायफळ औषध म्हणून घेऊ नये. बाळाला शांत झोपवण्यासाठीही देऊ नका, कोणीही कितीही अनुभवाने सांगितलं तरी.

दुकानदार सुचवतो त्या मुळ्या

अश्वगंधेचं मूळ झोपेसाठी थोडं उपयोगी ठरतं असं अभ्यासांत दिसलं आहे. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे त्याची मोठी शेती होते, तिकडूनच बराचसा माल येतो. मूळ कडक असल्याने त्याचा फांट होत नाही. पाव चमचा चूर्ण अर्धा कप दूध आणि अर्धा कप पाण्यात, पाणी आटेपर्यंत मंद उकळावं लागतं. थायरॉइडचं औषध चालू असेल, गरोदरपण असेल, यकृताचा त्रास असेल किंवा संधिवातासारखा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असेल तर वैद्य-डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अश्वगंधेने क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली की लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

तगर या नावाने मोठा गोंधळ होतो. झोपेसाठी वापरतात ते तगर म्हणजे हिमालयातल्या एका वनस्पतीचं उग्र वासाचं मूळ, दुकानात त्याला तगर गंठोडा म्हणतात. आपल्या अंगणात पांढऱ्या फुलांची, तोडल्यावर पांढरा चीक येणारी जी तगर असते, तिचा याच्याशी काही संबंध नाही आणि ती पोटात घ्यायची नसते. नाव ऐकून कुणी अंगणातली फुलं उकळू नयेत म्हणून हे मुद्दाम लिहिते.

जटामांसी मी घेत नाही. ती हिमालयात फार उंचावर उगवते, मुळासकट उपटल्यामुळे संपत चालली आहे, आणि बाजारात भेसळही होते. ज्येष्ठमध गोडीसाठी घालायला सांगतात, पण रोज घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. रक्तदाब असलेल्यांनी टाळा.

कोणी हा चहा घेऊ नये

कॅमोमाइल शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई आणि गाजर गवत यांच्याच कुळातलं आहे. आपल्या जिल्ह्यात गाजर गवताने अंगाला खाज सुटणारे, डोळे लाल होणारे, धाप लागणारे लोक शेतोशेती आहेत. त्यांनी कॅमोमाइल घेऊच नये, गवती चहा आणि बडीशेपेवर थांबावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, चालू असतील तर कॅमोमाइल नको. झोपेची, चिंतेची किंवा फिटची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चहा सुरू केला म्हणून गोळी मनाने बंद करू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधीपासून हे सगळं थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही आणि असं तीन महिने चाललं आहे, तर तो निद्रानाश आहे, त्याला उपचार लागतात. विचार आणि सवयी बदलण्याची एक समुपदेशनाची पद्धत यावर पहिला उपचार मानली जाते आणि ती गोळीशिवाय होते. घरातला कुणी मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, तर त्याला पेला देत बसू नका, तपासणीला न्या.

रात्रपाळीवाल्यांसाठी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारे माझ्या नात्यात आहेत. त्यांनी विचारलं, "आम्ही कधी प्यायचा?" पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे मध्यरात्री दोननंतर, दुधाचा चहा नको. टपरीवर सगळे घेतात, नाही म्हणणं अवघड आहे, पण तोच चहा सकाळी आठला झोप अडवतो. घरी येताना उन्हाचा चष्मा किंवा टोपी घाला, कारण डोळ्यांवर पडलेला सकाळचा प्रकाश मेंदूला जागं करतो. आंघोळ, हलकं खाणं, मग पेला. खिडकीला पातळ पडद्याऐवजी जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून लावा, ती एवढी घट्ट विणीची असते की खोलीत अंधार होतो आणि रस्त्याचा आवाजही थोडा दबतो. माझ्या भाच्याला चहापेक्षा चादरीचा उपयोग जास्त झाला, तो तसं मोकळेपणाने सांगतो.

दोन आठवड्यांची वही

फरक पडतोय की नाही हे मनावर सोडू नका. साध्या वहीत सकाळी तीन ओळी लिहा: किती वाजता पडलात, रात्री किती वेळा जाग आल्यासारखं वाटतं, सकाळी अंग हलकं आहे की जड. शेवटचा दुधाचा चहा किती वाजता घेतला तेही लिहा. रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाजच लिहायचा. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर कूस बदलत न राहता उठून दुसरीकडे बसा, दिवा मंद ठेवा, डोळे मिटायला लागले की परत या. चौदा दिवसांनी वही उघडली की दिसतं. माझ्या वहीत सगळ्यात वाईट रात्री लग्नसराईतल्या होत्या. दर वेळी रात्री साडेदहाचं जेवण आणि वर आग्रहाचा चहा. तेव्हापासून लग्नघरी मी आग्रह झाला तरी बडीशेपच घेते.

गवती चहाचं ठोंब

पहिल्या पावसानंतर, जून-जुलैत, कुणाकडून तरी मुळासकट तीन-चार काड्या मागून घ्या. वरची पात वीतभर ठेवून कापा, बारा इंची कुंडीत माती, शेणखत आणि थोडी वाळू घालून लावा. आपलं ऊन त्याला मानवतं, फक्त एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी पाणी हवं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, पाण्याच्या टंचाईत मी तेच घालते. तीन महिन्यांनी बाहेरची पात कापायला सुरुवात करा, मधला कोंब ठेवा. दोन वर्षांनी कुंडी भरून जाते आणि पात बारीक येऊ लागते, तेव्हा ठोंब उपसून फोडा. माझ्या मूळ कुंडीची आता गल्लीत सात ठिकाणी लागण आहे, त्यातली एक पद्मशाली आजींच्या दारात. या पावसाळ्यात पुन्हा फोडायची आहे.